पार्श्वभूमी : लेथवरचं इंजिन आणि ‘मूळ’ या शब्दाचा घोळ

सोलापुरात जुनी विलीस जीप किंवा त्याहून जुनी फोर्ड चालू करायची म्हटली की माणूस आधी लेथवाला गाठतो. पार्ट कुठे मिळेल हे विचारायच्या फंदात कुणी पडत नाही. तुटलेला तुकडा पिशवीत घालून न्यायचा, काउंटरवर ठेवायचा आणि ‘असाच पाहिजे’ म्हणायचं. गेल्या काही वर्षांत नव्या पोरांना ‘हॉट रॉड’चं, म्हणजे जुनी गाडी फेरफार करून वेगवान करण्याचं वेड लागलं आणि त्याच दुकानांत वेगळी मागणी सुरू झाली: असाच नको, याच्यापेक्षा जोरकस पाहिजे. या दोन मागण्यांमधली रेघ कायद्याला नीट ओढता आलेली नाही, म्हणून हा मागचा पट.

हॉट रॉडचं गाव दक्षिण कॅलिफोर्निया, काळ १९३० च्या दशकाचा. वाळलेल्या तलावांच्या सपाट पात्रात जुन्या मॉडेल टी आणि मॉडेल ए फोर्ड पळवायच्या. त्यासाठी मडगार्ड काढून वजन घटवायचं, हेड (सिलिंडरवरचं झाकण) घासून कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब वाढवायचा, एका कार्बोरेटरच्या जागी दोन बसवायचे. १९३२ मध्ये फोर्डने सामान्य माणसाला परवडेल अशी व्ही-८ आणली, २२१ घनइंच आणि ६५ अश्वशक्तीची. पुढे ही इंजिनं भंगारात येऊ लागली तशी या मंडळींची चंगळ झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर यंत्रकाम शिकून परतलेल्या सैनिकांमुळे हा नाद फोफावला. नावाबद्दल एकमत नाही. कुणी ते ‘हॉट रोडस्टर’चं लघुरूप मानतं, कुणी त्याचा धागा तेज कॅमशाफ्टशी (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याशी) जोडतं. आपल्या गॅरेजात रॉड म्हणजे कनेक्टिंग रॉड, पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा, आणि तो हॉट झाला तर मालकाच्या पोटात गोळा येतो.

घरगुती पार्ट या इंजिनांना चालतात, कारण ती मुळातच बेताची आहेत. मॉडेल ए चं इंजिन मिनिटाला २२०० फेऱ्यांवर ४० अश्वशक्ती द्यायचं आणि त्याचं कॉम्प्रेशन होतं ४.२२ ला १. बेअरिंग म्हणजे जागेवर ओतलेला व्हाइट मेटल, एक मऊ मिश्रधातू. एवढ्या कमी दाबावर आणि वेगावर एखाद-दुसऱ्या थाऊची चूक इंजिन पोटात घालतं. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. त्याहून ढोबळ माप सुताचं, आठ सुतांचा एक इंच. सोलापूरसारख्या गिरणगावात सूत हा शब्द दोन धंद्यांत दोन अर्थांनी चालला आणि त्यावरून कुणाचं कधी भांडण झालं नाही.

रेल्वे सोलापुरात १८६० मध्ये आली, ‘जुनी मिल’ म्हणतात ती कापडगिरणी १८७७ मधली. गिरण्यांचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. आपल्या कामाची गोष्ट एवढीच की विलायतेहून आलेल्या यंत्राचं चाक तुटलं तर बोटीची वाट बघत माग बंद ठेवणं कुणालाच परवडत नसे. लाकडी पॅटर्न करून बिडात ओतायचं आणि लेथवर साफ करायचं, ही सवय त्यातून लागली. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, पूर्व भागात पॉवरलूम वाढले, आणि टर्नर-फिटर छोट्या दुकानांत शिरले. दुसरी शाळा ग्रामीण भागातली, विहिरीवरच्या ऑइल इंजिनाची. लायनर (सिलिंडरच्या आतली नळी) बदलणं, व्हॉल्व्ह सीट कापणं, बुश ठोकणं हे हात बार्शी-पंढरपूरकडच्या पंपांवर बसले आणि मग मोटारीवर आले. या दुकानांत माप इंग्रजीत, हिशेब मराठीत आणि शिव्या तेलुगू-कन्नडसकट चारी भाषांत चालतात.

मोटारींच्या बाजूने निर्णायक साल १९५३. तोपर्यंत परदेशी कंपन्या सुटे भाग आणून मुंबईत गाड्या जोडत असत. एका अमेरिकन कंपनीचा मुंबईतला जोडणी कारखाना १९२८ पासून होता. १९५३ मध्ये सरकारने ठरवलं की इथेच टप्प्याटप्प्याने उत्पादन करण्याची योजना असेल तरच थांबा. अमेरिकन जोडणीवाल्यांनी गाशा गुंडाळला. त्यांच्या गाड्या मात्र इथेच राहिल्या, संस्थानिकांच्या, डॉक्टरांच्या, ठेकेदारांच्या दारात. आयातीवर परवान्यांचं कुलूप पडलं आणि ते १९९१ पर्यंत ढिलं झालं नाही. या चार दशकांना कुणी कंजूषपणाचा काळ म्हणतं, कुणी जुगाडाचा. मला दोन्ही शब्द पटत नाहीत. पार्ट नसताना पार्ट करणं याला कारागिरी म्हणतात.

त्या काळात पक्क्या झालेल्या युक्त्या आजही चालतात. पाण्याच्या पंपाचा शाफ्ट ईएन-८ पोलादाच्या सळईतून, बुश गनमेटलचा, म्हणजे एका प्रकारच्या कांस्याचा. व्हॉल्व्ह मिळत नसेल तर ट्रकचा मोठा व्हॉल्व्ह चकात धरून डोकं आणि दांडा हव्या मापाला उतरवायचा. पिस्टनसाठी दुसऱ्याच इंजिनाचा शोध. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), पिनचा व्यास आणि पिनपासून डोक्यापर्यंतची उंची ही तीन मापं जुळली की नाव कुठलं का असेना. बोअर खूपच खाल्ला असेल तर लायनर ठोकून परत मूळ मापावर यायचं. हेड गॅस्केट तांब्याच्या पत्र्यातून फर्मा ठेवून कापतात, लाल तापवून पाण्यात बुडवतात. तांबं त्याने मऊ पडतं. (पोलादाचं उलट. शिकाऊ पोरं इथे हमखास फसतात.) दोन कार्बोरेटरचं मॅनिफोल्डही जाड पट्टी आणि पाइप वेल्डिंग करून होतं, फक्त वेल्डिंगनंतर पट्टी वाकते, ती पुन्हा सपाट केल्याशिवाय हवा खेचत राहते. कनेक्टिंग रॉड, त्याचे बोल्ट आणि स्टिअरिंगचे सांधे यांना जाणता उस्ताद हात लावत नाही. घडवलेल्या पोलादाची ताकद लेथवर परत आणता येत नाही आणि तुटलेला रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो.

एक विरोधाभास नोंदवायलाच हवा. जगभरातल्या मोटार कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवणारा मोठा कारखाना १९९० च्या दशकापासून याच शहरात आहे. पण तो लाखांच्या हिशेबात माल काढतो. जुन्या जीपचा एकुलता एक झिजलेला कॅम तिथे कोण घेणार? तो जातो गल्लीतल्या ग्राइंडिंगवाल्याकडे, झिजलेली जागा वेल्डिंगने भरून घासायला.

आता घोळाकडे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सन २००० मध्ये बदललं. नोंदणीपुस्तकातली माहिती निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी पडेल असा बदल करायचा नाही, असं ते सांगतं. जानेवारी २०१९ मध्ये देशातल्या सर्वात वरच्या कोर्टाने ते तसंच्या तसं लागू केलं. हॉट रॉडवाल्यांचा रस्ता तिथेच संपला. जुलै २०२१ मध्ये विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आले. दुचाकी-चारचाकी, वय पन्नासच्या वर, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरणाला ५,०००, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. रोजच्या वापराला बंदी, प्रदर्शन, रॅली, इंधन, देखभाल यांसाठी मुभा. इथपर्यंत तक्रार नाही. पण गाडी ‘मूळ स्वरूपात’ राखलेली असावी आणि तिचं ‘मोठं ओव्हरहॉल’ झालेलं नसावं, अशी अट आहे. ओव्हरहॉलमध्ये चेसिस, बॉडी किंवा इंजिनातले बदल धरलेत.

हा ओव्हरहॉल शब्दच घात करतो. गॅरेजात ओव्हरहॉल म्हणजे इंजिन खोलून झिजलेलं पूर्ववत करणं, हाफ किंवा फुल इंजिनचं काम. नियमात तो फेरफाराच्या अंगाने आलाय. शब्दशः वाचला तर ४० थाऊ बोअर केलेलं, म्हणजे सिलिंडर तेवढं मोठं कापून मोठा पिस्टन बसवलेलं इंजिन कुठल्या बाजूला? लायनर ठोकून मूळ मापावर आणलेलं? गल्लीत ओतलेला वॉटर पंप? निव्वळ कारखान्याच्या पार्टवर सत्तर वर्षं चाललेलं इंजिन सोलापुरात तरी माझ्या पाहण्यात नाही. कडक अर्थ घेतला तर ‘मूळ’ गाडी म्हणजे कधी चाललीच नाही ती गाडी. दुसरी बाजूही खरी आहे. कित्येक पेट्रोल जिपांमध्ये डिझेल स्वस्त म्हणून मॅटॅडोरचं इंजिन बसलं. ती गाडी कितीही लाडकी असो, मूळ नव्हे, आणि तिच्या मालकांनी रडगाणं गाऊ नये. दोन कार्बोरेटरवाल्या पोरांनीही नाही. त्यांनी बंद आवारात, स्वतःच्या जबाबदारीवर खुशाल करावं. पण झिजलेलं मापात आणणाऱ्याला आणि इंजिनच बदलणाऱ्याला एकाच शब्दात कोंबलं, हे मसुदा लिहिताना कुणी लेथवाल्याला विचारलं असतं तर टळलं असतं.

प्रत्यक्ष तपासणीत पाहिलं जातं ते वेगळंच. चेसिसच्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासतात, ब्लॉकवरचा नंबर पुस्तकाशी ताडतात, बॉडीभोवती एक चक्कर मारतात. पिस्टनच्या डोक्यावर ठोकलेला ४० चा आकडा हेड उघडल्याशिवाय दिसत नाही, आणि हेड कुणी उघडत नाही.