डब्यातला पिस्ता, भिंतीवरचा पोपटी

दिवाळीच्या तोंडावर आमच्या नागपूरच्या प्रतापनगरातल्या घरात रंगकाम काढलं होतं. बेडरूमसाठी शेडकार्डावरचा एक चौकोन मी पक्का केला. बोटाच्या पेराएवढा, पिस्ता कुल्फीसारखा फिका. दोन हात मारून झाले आणि खोली चक्क पोपटी दिसायला लागली. मी डबा फिरवून नंबर तपासला. रंगारीभाऊ शिडीवरूनच म्हणाले, "नंबर तोच हाये जी ताई. चारी भिंतींवर चढला का रंग असाच बोलते."

चूक दुकानदाराची नव्हती, भिंतींची होती. समजा, हा रंग त्याच्यावर पडलेल्या प्रकाशातला हिरवा भाग ७० टक्के परत पाठवतो आणि तांबडा ६० टक्के. कार्डावर प्रकाश एकदाच आपटून डोळ्यात येतो, तेव्हा हिरव्या-तांबड्याचं प्रमाण १.१७ असतं. फरक जेमतेम, म्हणून रंग सौम्य. खोलीत मात्र एका भिंतीवरून निघालेला प्रकाश समोरच्या भिंतीवर जातो आणि तिथून पुन्हा परततो. दुसऱ्या टप्प्याला हिरवा ४९ टक्के उरतो आणि तांबडा ३६, प्रमाण १.३६. तिसऱ्या टप्प्याला ते १.६च्या घरात जातं. गॅसवर राहिलेला चहा कडक होत जावा, तसा चार भिंतींमध्ये कोंडलेला रंग प्रत्येक फेरीला गडद होतो. म्हणून कार्डावर जो हिरवा 'अगदी हवा तसा' वाटतो, तो घेऊच नये. त्याच्या शेजारचा, थोडा मळकट आणि करडेपणाकडे झुकणारा चौकोन घ्यावा. दुकानात तो बिचारा आजारी दिसतो, घरी आला की सुधारतो.

आता नागपूरची गंमत. आपल्याकडे रंगकाम दसरा-दिवाळीला निघतं. पाऊस संपलेला, आभाळ धुतलेलं आणि सूर्य दक्षिणेकडे कललेला. ऑक्टोबरच्या मध्याला भरदुपारी तो क्षितिजापासून साधारण ६० अंशांवर असतो, डिसेंबरअखेरीस ४५वर. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट आत येतं. मे महिन्यात तोच सूर्य डोक्यावर येतो. नागपूर २१ अंश अक्षांशावर असल्यामुळे मेअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत भरदुपारी तो किंचित उत्तरेकडेच असतो. दक्षिणेच्या खिडकीला दुपारचं थेट ऊन मिळत नाही. शिवाय तेव्हा त्या खिडकीत कूलर बसलेला असतो! ताट्या, पाण्याची टाकी आणि फटींत कोंबलेला पुठ्ठा यांतून जो काही उजेड येईल तेवढाच. जो रंग आपण लख्ख उजेडात निवडला, त्याच्यासोबत चार महिने अर्धवट अंधारात राहतो. दुकानातल्या सल्ल्यात कूलरचा विषय निघालेला मी कधी ऐकला नाही.

खिडकीबाहेर काय आहे, हेही महत्त्वाचं. कडुनिंब असेल तर पानं प्रकाशातला तांबडा आणि निळा भाग जास्त शोषतात, त्यामुळे आत येणारा उजेड आधीच हिरवट असतो. समोर विटकरी रंगाची इमारत असेल तर उलट. तिच्यावरून येणारा तांबूस उजेड फिक्या हिरव्याला पार राखाडी करून टाकतो.

संध्याकाळी दिवा लागला की वेगळाच कारभार. घरातल्या बहुतेक पांढऱ्या एलईडीत मुळात निळा प्रकाश देणारी चिप असते आणि तिच्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या पावडरीचा थर. दोन्ही मिळून पांढरं दिसतं, पण निळा आणि हिरवा यांच्या मधल्या पट्ट्यात, ४८० नॅनोमीटरच्या आसपास, उजेडाला खड्डा पडलेला असतो. सी ग्रीनसारख्या निळसर हिरव्यांचं दाणापाणी नेमकं तिथेच. म्हणून ते रात्री उतरलेले दिसतात. ३००० केल्विनचा पिवळसर दिवा लावला तर पिस्ता मुगाच्या डाळीकडे झुकतो, ६५०० केल्विनच्या पांढऱ्याखाली तो दवाखान्यासारखा होतो. दुकानात भिंतीच्या रंगाशी जुळलेला पडदा घरी येऊन भांडतो, त्याचंही मूळ इथंच आहे. दोन वस्तू एका दिव्याखाली सारख्या दिसल्या, तरी त्यांची रंगद्रव्यं वेगळी असली की दुसऱ्या दिव्याखाली त्या वेगवेगळ्या दिसतात.

भांडणावरून आठवलं. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या गोबलॅं कारखान्यात गालिचे आणि भिंतीवरची वस्त्रं विणत. काळा धागा फिका पडतो, अशी तिथं तक्रार होती. रंगाई विभागाचे प्रमुख, रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी तपासलं तर काळा चोख निघाला. त्याच्या शेजारी विणलेले निळे-जांभळे धागे त्याला फिकट भासवत होते. घरात हे काम लाल-तपकिरी फर्निचर करतं. सागवानी कपाटामागचा फिका हिरवा आहे त्याहून हिरवा दिसतो, हिरव्या पडद्याशेजारी तोच पांढरट होतो. आधी सामान बघा, मग शेडकार्ड.

दुकानातल्या रंग मिसळणाऱ्या टिंटिंग मशीनमधून आपला पिस्ता तयार होताना एकदा उभं राहून पाहा. पांढऱ्या बेसमध्ये हिरवं फारच थोडं पडतं. अनेकदा पिवळी माती आणि काळा हेच काम करतात, कारण पिवळ्यात काळा मिसळला की शेवाळी तयार होतो. उरलेला हिरवेपणा थॅलोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा. त्याच्या कुळाची कहाणी १९२८ सालची. स्कॉटलंडमधल्या एका कारखान्यात लोखंडी भांड्याचा मुलामा तडकला आणि पांढऱ्या रसायनात निळसर द्रव्य आलं. पुढे लोखंडाऐवजी तांबं वापरून निळा तयार झाला आणि त्यात क्लोरिन जोडून हिरवा. हे द्रव्य इतकं जोरकस आहे की थोडं इकडे-तिकडे झालं तरी छटा बदलते. लागणारे सगळे डबे एकदमच घ्यावेत आणि लावण्याआधी एका मोठ्या बादलीत एकत्र करावेत.

त्याआधीचा हिरवा जीवघेणा होता. स्वीडनच्या शील यांनी १७७५ साली तांबं आणि आर्सेनिकपासून सुंदर हिरवा बनवला आणि तो युरोपभर भिंतीवरच्या कागदांत गेला. ओल्या भिंतींवर बुरशी धरली की आर्सेनिकचा लसणासारखा वास येणारा वायू सुटतो, हे १८९०च्या दशकात इटलीत गोसियो यांनी दाखवलं. कूलरमागच्या भिंतीवर बुरशी आपल्याकडेही धरते; आर्सेनिक नाही, एवढंच.

हिरव्यानं खोली थंड राहते का? नाही. आतल्या रंगानं पारा हलत नाही; थंडावा हवा तर स्लॅबवर पांढरा चुना मारावा. डोळ्यांना आराम मिळतो, या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. १९१४ साली सॅन फ्रान्सिस्कोचे सर्जन शर्मन यांनी शस्त्रक्रियेची खोली पालकासारखी हिरवी करून घेतली, कारण रक्तावरून उठलेली नजर पांढऱ्या भिंतीवर दिपत असे. पण आपण काही बेडरूममध्ये शस्त्रक्रिया करत नाही.

नमुना बघायचाच तर भिंतीवर पट्टे ओढू नका, जुना रंग शेजारी असतो. दोन फुटी पुठ्ठ्यावर दोन हात मारा, कडेला बोटभर पांढरी पट्टी सोडा, पूर्ण वाळू द्या. इमल्शन वाळल्यावर गडद होतं आणि चुना उलट फिका पडतो. मग तो पुठ्ठा सकाळी, दुपारी आणि दिवा लावून वेगवेगळ्या भिंतींवर टेकवून बघा.

मी पुढच्या फेरीसाठी असे तीन पुठ्ठे केले. मळकट शेवाळी पसंत पडला, रंगारीभाऊंना मार्चमध्ये या म्हटलं. तेवढ्यात कूलर बसला आणि खिडकी बुजली. उजेड कमी झाला की रंगांचा भडकपणाही उतरतो. एका दुपारी झोपेतून उठून पाहते तर भिंती थेट शेडकार्डावरच्या पिस्त्यासारख्या. मी फोन करून म्हटलं, आता दसऱ्यालाच या.

"येतो ना जी," ते म्हणाले. "कूलर निघाला का पोपट परत येईन."