कथेतील स्वप्न

कथा, कादंबरी किंवा नाटकातल्या पात्राला पडलेले स्वप्न कथानकात गुंफण्याची युक्ती. पात्र जे तोंडाने कबूल करणार नाही ते वाचकाला कळवणे, पुढच्या घटनेची चाहूल देणे किंवा अडलेली गोष्ट पुढे ढकलणे, अशा कामांसाठी ती वापरली जाते. मराठीत झोपेतले स्वप्न ‘पडते’. ‘मी स्वप्न पाहिले’ म्हटले की ते बहुधा घराचे नाहीतर नोकरीचे असते. पडलेल्या स्वप्नाची जबाबदारी पात्रावर येत नाही, आणि लेखकाला नेमकी हीच सवलत हवी असते.

मराठी कथनातला स्वप्नाचा सर्वांत रुळलेला प्रकार म्हणजे दृष्टांत. ग्रंथांत या शब्दाचा अर्थ उदाहरण असा. महानुभाव पंथाच्या ‘दृष्टांतपाठ’ या ग्रंथात तो त्याच अर्थाने येतो. बोलण्यात मात्र देव स्वप्नात येऊन काही सांगतो, तो दृष्टांत. सातारा-सांगलीकडच्या अनेक देवळांच्या कथा याच साच्यातल्या आहेत : देव म्हणतो, मी अमुक ठिकाणी पडलो आहे, मला बाहेर काढ. साताऱ्याजवळ अंगापूर येथे कृष्णेच्या डोहातून समर्थ रामदासांनी दृष्टांतानुसार रामाची मूर्ती काढली आणि ती चाफळला स्थापन केली, अशी परंपरा आहे. अशा कथेत स्वप्न खरे की खोटे यावर कोणी वाद घालत बसत नाही. डोहात उतरल्यावर मूर्ती हाताला लागते. स्वप्नाचा पुरावा जागेपणी मिळतो.

समर्थांचेच ‘आनंदवनभुवनी’ हे प्रकरण कथनाच्या दृष्टीने अधिक धाडसी आहे. ‘स्वप्नी जे देखिले रात्री । ते ते तैसेचि होतसे’. क्रियापद पाहण्यासारखे आहे. पाहिले रात्री, पण ‘झाले’ नाही की ‘होईल’ही नाही, ‘होतसे’, म्हणजे सांगता सांगता होतेच आहे. स्वप्न कुठे संपले आणि वार्ता कुठे सुरू झाली, हे ऐकणाऱ्याला सांगता येत नाही.

या तंत्राचा सर्वांत नेमका धडा मात्र देहूच्या तुकोबांकडून घ्यावा. त्यांच्या गुरूपदेशाच्या अभंगात गंगास्नानाला जाताना वाटेत गुरू भेटतात आणि मस्तकावर हात ठेवतात. मग ओळ येते : ‘भोजना मागती तूप पावशेर । पडिला विसर स्वप्नामाजी’. साक्षात्काराच्या ऐन मध्यावर हे पावशेर तूप. ते मागितले गेले आणि द्यायचे राहून गेले. अभंगातून ही ओळ काढली तर उपदेश शिल्लक राहील, पण स्वप्न जाईल. माप ठरलेले आहे, देणे मात्र फिटलेले नाही. ती रुखरुख जागेपणीही सुटत नाही.

राजा हरिश्चंद्राच्या लोकप्रिय कथेत स्वप्नातले देणे थेट कथानकच चालवते : स्वप्नात दिलेले राज्य तो सकाळी खरोखर देऊन टाकतो. उषा-अनिरुद्धाची कथा याउलट शोधकथेसारखी आहे. बाणासुराच्या मुलीला स्वप्नात दिसलेला तरुण कोण, हे तिची सखी चित्रलेखा एकेकाचे चित्र काढून शोधून काढते.

नाटकात स्वप्नाची पंचाईत वेगळी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले, त्या परंपरेत गणपती-सरस्वती आणि राक्षस जागेपणीच रंगमंचावर येत. तिथे देवाला कुणाच्या स्वप्नात पाठवायची गरजच नव्हती. पुढे रंगमंचावर खऱ्यासारखे दिवाणखाने आले, तेव्हा स्वप्न वेगळे दाखवायची वेळ आली. निळा प्रकाश आणि धूर ही त्यातली सोपी वाट, आणि आता ती बरीच गुळगुळीत झाली आहे. भासाच्या ‘स्वप्नवासवदत्त’ या संस्कृत नाटकातील पाचव्या अंकाला यातले काहीच लागत नाही. आपली राणी वासवदत्ता जळून मेली असे समजणारा राजा उदयन झोपेत तिच्याशी बोलतो. ती खरोखरच शेजारी बसलेली असते, उत्तरही देते, आणि त्याचा लोंबणारा हात शय्येवर ठेवून निघून जाते. जागा झाल्यावर विदूषक त्याला समजावतो की ते स्वप्न होते. इथे स्वप्न पडलेच नाही, वास्तवच स्वप्नावारी गेले.

मनोविश्लेषक फ्रॉइडचा स्वप्नमीमांसेवरचा ग्रंथ १८९९ च्या अखेरीस आला. विसाव्या शतकातल्या लेखकांना त्यातून देवाऐवजी मन मिळाले, तरी आपल्याकडे ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ ही म्हण होतीच. बा. सी. मर्ढेकरांची ‘रात्रीचा दिवस’ ही कादंबरी १९४२ मध्ये संज्ञाप्रवाहाच्या, म्हणजे मनात येतील तसे विचार मांडत जाण्याच्या पद्धतीने आली. मनाची अशी विस्कळीत वाट शब्दांत धरता आली की स्वप्नासाठी वेगळे दार लागत नाही. पहाटेचे स्वप्न खरे होते ही समजूतही कथेत फार चालते. ज्या झोपेत डोळे वेगाने हलतात आणि स्वप्ने ठळक पडतात, तिचा शोध १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. या झोपेचे टप्पे रात्र सरताना लांबत जातात, त्यामुळे पहाटेची स्वप्ने अधिक लक्षात राहतात.

सर्वांत बदनाम वापर म्हणजे शेवटी सगळे स्वप्न निघणे. शाळेच्या निबंधात ‘इतक्यात आईने हाक मारली आणि मी जागा झालो’ हे वाक्य ज्याने लिहिले नाही असा मराठी विद्यार्थी विरळा. कथेत ते वाचकाची फसवणूक करते, कारण तोवर घडलेल्या कशाचीच किंमत कुणाला मोजावी लागत नाही. त्याखालोखाल घामाने डबडबून अंथरुणात उठून बसणे.

समजा, सांगलीतल्या हळदीच्या एका अडत्याला २०१९ च्या महापुरानंतर स्वप्न पडते. पाणी, आरडाओरडा, दचकून जाग : एवढ्याने काही साधत नाही. पण स्वप्नात आयर्विन पुलाशी पाणी चाळीस फुटांवर, म्हणजे इशारा पातळीवर आहे; धोका पातळी पंचेचाळीस. तो बायकोला म्हणतो, ‘अगं, पंचेचाळीसला अजून वेळ आहे,’ आणि दाभण घेऊन पोते शिवत बसतो. सुतळी संपत नाही. वारलेले वडील वखारीत येऊन काट्यावर उभे राहतात, ‘पावती कर’ म्हणतात. तो वजन वाचतो : एकोणीस किलो. सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाची पावती फाडताना त्याच्या हातून एकोणीसच लिहिले जाते, आणि हमाल म्हणतो, ‘शेठ, पोतं पन्नासाचं हाय.’