ह्योफाट्स: माथ्यापर्यंत गवत, तरीही अवघड

जर्मनीच्या दक्षिण टोकाला, आल्गॉय आल्प्समध्ये ओबर्स्टडोर्फ नावाचं गाव आहे. त्याच्या आग्नेयेला ह्योफाट्स हे २,२५९ मीटर उंचीचं, चार टोकांचं शिखर उभं आहे. खालच्या कुरणांपासून थेट माथ्यापर्यंत ते गवतानं झाकलेलं आहे, आणि काही ठिकाणी हा गवताळ उतार ७० अंशांपर्यंत उभा होतो. इतक्या उभ्या जागी माती टिकतेच कशी?

उत्तर खडकात आहे. शेजारची ट्रेटाखश्पित्से, मेडेलेगाबेल ही उंच शिखरं डोलोमाइट या चुनखडीसारख्या खडकाची आहेत. डोलोमाइट कठीण आणि भेगाळ. त्यावर पडलेलं पाणी भेगांतून निघून जातं, खाली उरतो तो सुट्या दगडांचा घसारा. ह्योफाट्सचे थर मात्र जुरासिक काळात समुद्रतळाशी साचलेल्या गाळाचे आहेत. त्यांत चुन्याबरोबर चिकणमातीही भरपूर आहे. असा खडक झिजला की बारीक, ओल धरून ठेवणारी माती तयार होते. गवताच्या मुळांना एवढं पुरतं. पुढे मुळंच त्या मातीला बांधून ठेवतात.

हिवाळ्यात गवताची लांब पाती उताराच्या दिशेनं आडवी होतात. त्यांवर साचलेल्या बर्फाच्या तळाशी पाणी झिरपलं की घर्षण जवळजवळ संपतं आणि सगळा थर जमिनीवरून सरकू लागतो. जाताना तो गवताचे गड्डे मातीसकट उपटून नेतो. मागे उघड्या मातीचे व्रण राहतात. पुढच्या पावसात ते रुंदावतात. अशा उतारावर झाडाचं रोपही सहसा तग धरत नाही.

वर जायची नेहमीची वाट पूर्वेकडून आहे. ओयटाल खोऱ्यातून केझरआल्पे या गुराख्यांच्या वस्तीवरून यावं, किंवा गेर्स्टरूबेन या जुन्या लाकडी घरांच्या वाडीतून डीटर्सबाख खोऱ्यातून चढावं. दोन्ही वाटा सुमारे १,७८० मीटरवरच्या एल्पेले खिंडीत मिळतात. तिथून गवताळ धारेनं पूर्व टोक गाठायचं. चढाईच्या अवघडपणाची तांत्रिक श्रेणी सोपीच, पहिली-दुसरी. पण ती श्रेणी खडकावरच्या चढाईची आहे आणि इथे ती फसवी ठरते. पश्चिमेकडची टोकं त्याहून कठीण, आणि चारही टोकं ओलांडत जाणं हे फक्त सरावलेल्यांचं काम.

पावसाळ्यानंतर सह्याद्रीत ओल्या गवतावरून आडवं गेलेल्यांना ही भीती लगेच कळेल. खडकावर निदान पकड दिसते. गवतात पायाखाली काय आहे ते कळत नाही, दोर बांधायला भरवशाची जागा क्वचित मिळते, आणि एकदा घसरलं की थांबवणारं काही नसतं. म्हणून इथे अनुभवी लोक भर उन्हाळ्यातही बर्फावरची कुऱ्हाड आणि बुटांना लावायचे काटे घेऊन जातात. पाऊस पडून गेला असेल तर ते चढतच नाहीत, आणि माझ्या मते या डोंगराबद्दलचा हा सगळ्यात महत्त्वाचा नियम आहे.

इथल्या एडेलवाइस फुलांनीही माणसं या उतारांवर ओढली. फुलं इतकी ओरबाडली जाऊ लागली की बव्हेरियाच्या बेर्गवाख्ट या डोंगरी पथकाचे स्वयंसेवक विसाव्या शतकात अनेक वर्षं उन्हाळ्यात इथे पहारा देत. हे पथक आज बचावकार्यासाठी ओळखलं जातं. १९२० साली म्युनिकमध्ये ते स्थापन झालं तेव्हा मात्र डोंगरातला निसर्ग आणि शिस्त राखणं हेच त्याचं मुख्य काम होतं.