मोबाईल किती वेळ, त्यापेक्षा कधी आणि कशासाठी

1 जूनला मासेमारी बंद झाली की हर्णैपासून मालवणपर्यंत होड्या शाकारल्या जातात. 31 जुलैपर्यंत समुद्र बंद, बाहेर धो धो पाऊस आणि पडवीत पोरगा मोबाईल घेऊन पडलेला. "किती वेळ बघशील रे?" आईची काळजी खरी आहे. पण मोबाईलचा मुलांच्या मनावर काय परिणाम होतो, हे नुसते तास मोजून फारसं हाती लागत नाही.

2019 मध्ये एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रशिबिल्स्की या संशोधकांनी अमेरिका आणि ब्रिटनमधल्या साडेतीन लाखांहून जास्त किशोरवयीनांची माहिती तपासली. मुलामुलांच्या मनःस्वास्थ्यात जो फरक दिसतो, त्यातला जास्तीत जास्त 0.4 टक्के भाग डिजिटल साधनांशी जोडता आला. मग निर्धास्त राहायचं का? मुळीच नाही, कारण सरासरीत एकेकाचं दुःख बुडून जातं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या 2018 च्या प्रयोगात 143 विद्यार्थी होते. त्यातल्या एका गटाने फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट प्रत्येकी रोज 10 मिनिटांवर आणलं. तीन आठवड्यांत त्यांचा एकटेपणा कमी झाला. आधीच खचलेल्यांना जास्त उतार पडला.

माणूस स्वतःला दुसऱ्याशी ताडून बघतो, हे मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी 1954 मध्येच मांडलं होतं. वाडीतल्या दादाची नवी मोटारसायकल दिसायची, तसे तिचे थकलेले हप्तेही सगळ्यांना ठाऊक असायचे. इन्स्टाग्रामवर मुंबईच्या चुलतभावाचा मॉल दिसतो. त्याची दहा बाय दहाची खोली आणि लोकलमधली चेंगराचेंगरी दिसत नाही. मुलींच्या वाट्याला तर फिल्टर लावलेले चेहरे येतात आणि आरशातला आपला चेहरा त्यांना नकोसा होतो. त्याच मोबाईलवर बोटीवर गेलेले बाबा व्हिडिओ कॉलवर भेटतात, ते मात्र मनाला बळ देतं.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते झोपेचं नुकसान. या वयात 8 ते 10 तास झोप हवी. रील्सना शेवटच नसतो, त्यामुळे थांबायचं कुठे हे कळत नाही. पडद्याच्या उजेडाने झोप आणणारं मेलाटोनिन उशिरा स्रवतं आणि डोकं जागंच राहतं. अपुऱ्या झोपेनंतर साधा टोमणाही जिव्हारी लागतो. म्हणून रात्री मोबाईल माजघरात चार्जिंगला लावावा, आणि मोठ्यांनीही आपला तिथेच ठेवावा.

उदासी दोन आठवडे हटली नाही, जेवण-झोप उडाली, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येतं. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. मूल मरणाचं बोलत असेल तर दोन आठवडे थांबू नका, त्याला एकटं सोडू नका आणि त्याच घटकेला फोन लावा.