बसवलं, पण जुळलं का?

सुटे भाग आणून संगणक जोडला, बटण दाबलं, पडद्यावर चित्र आलं. इथे बहुतेक जण कॅबिनेटचं झाकण लावून टाकतात. पण चित्र आलं याचा अर्थ एवढाच की मदरबोर्डने स्वतःपुरता एक सुरक्षित, सावकाश मार्ग शोधून काढला. ६००० वेगाची रॅम ४८०० वर चालत असेल, सोळा लेनचं (लेन म्हणजे माहिती ये-जा करण्याची वाट) ग्राफिक्स कार्ड चार लेनवर भागवत असेल, तरी कुठेही चूक झाल्याचा संदेश येत नाही. मशीन चालतं, फक्त त्याच्या कुवतीपेक्षा कमी चालतं, आणि वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षातही येत नाही.

मदरबोर्डसोबत येणारी पुस्तिका बऱ्याच जणांना अटींची कंटाळवाणी यादी वाटते. रॅम याच खाचेत लावा, कार्ड त्याच स्लॉटमध्ये घाला, हे पोर्ट वापरलं तर ते बंद पडेल. खरं तर त्यातल्या जवळजवळ प्रत्येक अटीमागे अंतर, उष्णता किंवा विद्युतप्रवाह यांचं काहीतरी ठोस कारण असतं. ते कळलं की पुस्तिका पाठ करावी लागत नाही.

सुरुवात प्रोसेसरच्या सॉकेटपासून करू. इंटेलने २००४ साली एलजीए ७७५ सॉकेट आणलं आणि डेस्कटॉप प्रोसेसरच्या पोटाला असलेल्या पिना बोर्डवर आल्या. एएमडीने हाच बदल २०२२ मध्ये एएम५ सॉकेटसोबत केला. इंटेलच्या नावातला आकडा म्हणजे संपर्कबिंदूंची संख्या: एलजीए १७०० मध्ये १७००. एएम५ मध्ये ते १७१८ असतात. सॉकेटचं झाकण उघडून उजेडात जरा तिरकं धरून पाहा. प्रत्येक संपर्क म्हणजे वाकवलेली बारीक स्प्रिंग असते, त्यांच्या ओळी एकाच दिशेला झुकलेल्या असतात आणि उजेड सगळ्यांवरून सारखाच परावर्तित होतो. एखादी जरी वाकलेली असेल तर तेवढाच ठिपका वेगळा चमकतो. प्रोसेसर ठेवण्याआधी अर्धा मिनिट असं बघून घ्यावंच, कारण वाकलेल्या एका पिनेमुळे रॅमचं एक अख्खं चॅनल, म्हणजे माहितीची वाट, गायब होऊ शकतं आणि दोष मात्र रॅमच्या माथी जातो.

इतक्या पिना लागतात कशाला? आधुनिक प्रोसेसर साधारण एका व्होल्टच्या आसपास चालतो. तो शंभर वॅट ओढत असेल, तर शंभर अँपिअरच्या घरातला प्रवाह त्या इवल्याशा चौकोनातून आत जातो. एकाच संपर्काने तेवढा प्रवाह नेला तर तो जळून जाईल. म्हणून शेकडो पिना फक्त वीज आत आणायला आणि तेवढ्याच तिला परत न्यायला राखलेल्या असतात. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा, प्रोसेसर अलगद ठेवायचा आणि वरून मुळीच दाबायचं नाही. त्यानंतर लिव्हर खाली करताना मात्र चांगलाच जोर लागतो, आणि पहिल्यांदा करणाऱ्याला धडकी भरते. एवढ्या सगळ्या स्प्रिंगा एकदम दाबल्या जात असतात, तेव्हा तो जोर लागणारच.

त्यावर उष्णतावाहक पेस्ट आणि कूलर. प्रोसेसरचं झाकण आणि कूलरचा तळ हे दोन्ही डोळ्यांना गुळगुळीत दिसतात, पण सूक्ष्म पातळीवर त्यांच्यावर खड्डे-उंचवटे असतात आणि त्या फटींत हवा अडकते. तांब्याची उष्णतावहनक्षमता ४०० वॅट प्रति मीटर-केल्व्हिनच्या आसपास, तर हवेची अवघी ०.०२६. पेस्ट तांब्याच्या पासंगालाही पुरत नाही, पण हवेपेक्षा ती कितीतरी पट बरी. तिचं काम फटींतली हवा हुसकावून लावण्यापुरतंच आहे. म्हणूनच जाड थर दिला तर फायदा होण्याऐवजी उष्णतेच्या वाटेत अडथळाच वाढतो. मटाराच्या दाण्याएवढा ठिपका पुरतो, कूलरच्या दाबाने तो आपोआप पसरतो. स्क्रू कर्णरेषेत, थोडे थोडे आळीपाळीने आवळायचे, म्हणजे दाब एका बाजूला जास्त पडत नाही. आणि कूलरच्या तळावरची पारदर्शक फिल्म आधी सोलून काढायची. ती तशीच राहिली की संगणक सुरू होतो, तापतो, वेग कमी करतो किंवा बंद पडतो, आणि कारण शोधण्यात संध्याकाळ जाते.

आता रॅम. माझ्या मते बोर्डवरचा सगळ्यात रंजक भाग हाच आहे आणि सगळ्यात कमी समजून घेतला जाणाराही हाच. चार खाचा आणि रॅमच्या दोन काड्या (पट्ट्या) असतील तर पुस्तिका सांगते की प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावा. पहिल्या दोन शेजारच्या खाचांत लावल्या तरी बहुतेक वेळा संगणक सुरू होतो, मग हा आग्रह का? दोन कारणं आहेत.

पहिलं चॅनलचं. प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर दोन स्वतंत्र वाटांनी रॅमशी बोलतो, प्रत्येक वाट ६४ बिट रुंद. शेजारशेजारच्या दोन खाचा बहुधा एकाच वाटेवर असतात. दोन्ही काड्या तिथे लावल्या की दुसरी वाट रिकामी पडते आणि माहिती वाहून नेण्याची क्षमता थेट निम्मी होते.

दुसरं कारण अंतराचं. ६००० वेगाच्या रॅममध्ये प्रत्येक डेटा रेषेवरून सेकंदाला ६०० कोटी बिट धावतात. एका बिटच्या वाट्याला आला सुमारे ०.१७ नॅनोसेकंद. बोर्डवरच्या तांब्याच्या रेषेतून संकेत एका नॅनोसेकंदात साधारण १५ सेंटिमीटर जातो. म्हणजे एक बिट संपून दुसरा सुरू होईपर्यंत संकेत जेमतेम अडीच सेंटिमीटर पुढे सरकलेला असतो. प्रोसेसरपासून रॅमपर्यंतचं अंतर याहून जास्त आहे, तेव्हा एकाच रेषेवर एकाच वेळी एकाहून जास्त बिट प्रवासात असतात. अशा वेळी काही मिलिमीटरांचा फरकही महत्त्वाचा ठरतो. बोर्ड हातात घेऊन सॉकेट आणि रॅमच्या मधला भाग निरखला, तर काही रेषा उगाच नागमोडी वळणं घेत गेलेल्या दिसतात. ती वळणं जवळच्या रेषेची लांबी मुद्दाम वाढवून दूरच्या रेषेइतकी करण्यासाठी काढलेली असतात.

आजच्या बऱ्याच बोर्डांवर ही रेषा आधी जवळच्या खाचेला स्पर्श करते आणि तिथून पुढे लांबच्या खाचेपर्यंत जाते. काडी जवळच्या खाचेत लावली, तर तिच्यापुढे रेषेचा एक तुकडा नुसता लोंबकळत राहतो. संकेत त्या टोकापर्यंत जातो, आपटून परततो आणि मागून येणाऱ्या बिटांत मिसळून त्यांना गढूळ करतो. काडी लांबच्या खाचेत असेल तर रेषा तिथेच संपते, परतायला काही उरत नाही. कमी वेगाला हा गोंधळ खपून जातो, जास्त वेगाला संगणक अडखळू लागतो. दुसऱ्या आणि चौथ्या खाचेचा आग्रह त्यासाठी आहे.

डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींच्या काड्यांना २८८ संपर्क असतात, पण काडीच्या कडेला मधे कापलेल्या खोबणीची जागा वेगळी असते. त्यामुळे चुकीची काडी बसतच नाही. न बसणारी काडी जोर लावून बसवू नये, एवढं पथ्य पुरे.

डीडीआर५ लावल्यावर पहिल्यांदा संगणक सुरू करताना पडदा बराच वेळ, कधी काही मिनिटंही, काळा राहू शकतो. घाबरून कुणी बटण बंद करतं, काड्या काढून परत लावतं आणि तोच प्रकार पुन्हा घडतो. त्या वेळात कंट्रोलर प्रत्येक रेषेवर चाचणीचे बिट पाठवून, संकेत नेमका कोणत्या क्षणी वाचला तर बरोबर येतो हे शोधत असतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. एकदा सापडलेली उत्तरं साठवून ठेवता येतात, म्हणून पुढच्या वेळी एवढा वेळ लागत नाही. काळा पडदा दिसला तर बोर्डवरचे छोटे दिवे पाहावेत. बऱ्याच बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट असे चार दिवे असतात आणि तपासणी जिथे पोचली असेल तो पेटलेला राहतो. डीरॅमचा दिवा पेटला असेल तर सरळ वाट पाहावी.

ग्राफिक्स कार्डाचा पीसीआय एक्सप्रेस स्लॉट २००३ पासून आहे आणि त्याची लांबी फसवी असते. बोर्डवर दोन-तीन लांब स्लॉट दिसतात, पण सगळ्यांना सोळा लेन जोडलेल्या असतीलच असं नाही. टॉर्च घेऊन स्लॉटच्या आत डोकावलं तर अनेकदा कळतं, काहींमध्ये धातूचे संपर्क पूर्ण लांबीभर नसतात, मध्येच संपतात. चौथ्या पिढीत एक लेन सेकंदाला साधारण २ गिगाबाइट माहिती नेते. सोळा लेन म्हणजे ३२ गिगाबाइटच्या आसपास, चार लेन म्हणजे ८. प्रोसेसरच्या सगळ्यात जवळचा लांब स्लॉट बहुधा थेट प्रोसेसरला जोडलेला असतो, खालचे बरेचसे चिपसेटमार्फत, म्हणजे बोर्डवरच्या मदतनीस चिपमार्फत, जातात. कार्ड वरच्याच स्लॉटमध्ये घालावं ते यासाठी. लेन मोजक्या असल्याने त्यांची वाटणीही होते. एखाद्या एम.२ जागेत (बोर्डवरच बसणाऱ्या डिस्कची जागा) एसएसडी लावली की वायरने डिस्क जोडायचे अमुक साटा पोर्ट बंद पडतात, अशी तळटीप पुस्तिकेत बारीक अक्षरात असते. जुनी हार्डडिस्क अचानक दिसेनाशी झाली तर ती तळटीप आधी वाचावी.

वायरिंगबद्दल थोडक्यात. चोवीस पिनांचा मोठा कनेक्टर बोर्डला वीज देतो, पण प्रोसेसरची वीज वरच्या कोपऱ्यातल्या वेगळ्या आठ पिनांच्या कनेक्टरमधून येते. ती १२ व्होल्टवर येते आणि सॉकेटभोवतीच्या कॉइल, मॉसफेट आणि कपॅसिटरांची रांग तिला एक व्होल्टच्या आसपास उतरवते. ग्राफिक्स कार्डाचाही आठ पिनांचा कनेक्टर साधारण तसाच दिसतो, पण त्यात १२ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्या जागा उलट असतात. दोघांच्या पिनांचे आकार वेगळे ठेवले आहेत ते याचसाठी. खरा धोका दुसरीकडे आहे: सुट्या वायरींच्या मॉड्युलर एसएमपीएसमध्ये (वीजपुरवठ्याच्या डब्यात), एसएमपीएसकडच्या टोकाला पिनांचा क्रम कसा असावा याचं कुठलंच सर्वमान्य मानक नाही. एका एसएमपीएसची वायर दुसऱ्याला व्यवस्थित बसते आणि भलत्याच पिनेवर १२ व्होल्ट पाठवून डिस्क जाळते. एसएमपीएस बदलला की त्याच्या वायरीही बदला, यात तडजोड नको.

हे सगळं जागेवर आलं की सेटिंगचा भाग सुरू होतो, आणि सुरुवातीला म्हटलेला हरवलेला वेग इथेच परत मिळतो. रॅमच्या काडीवर एक छोटी चिप असते, तीत त्या काडीची माहिती लिहिलेली असते. बोर्ड ती वाचतो आणि मानकातला सुरक्षित वेग निवडतो. खोक्यावर छापलेला ६००० हा वेग त्याच चिपमध्ये वेगळ्या प्रोफाइलखाली असतो, इंटेलच्या जगात त्याला एक्सएमपी म्हणतात आणि एएमडीच्या जगात एक्सपो. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डच्या स्वतःच्या सेटिंगच्या प्रोग्राममध्ये, जाऊन तो स्वतः निवडावा लागतो. ४८०० वर दोन चॅनल मिळून सेकंदाला ७६.८ गिगाबाइट जातात, ६००० वर ९६. पैसे मोजून घेतलेला हा फरक एका क्लिकसाठी पडून राहतो, याचं मला फार वाईट वाटतं. मात्र हा वेग मानकापलीकडचा असतो आणि त्यासाठी व्होल्टेजही बऱ्याचदा १.१ वरून १.३५ च्या आसपास वाढतं. म्हणून प्रोफाइल लावल्यावर रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवावा. एक जरी चूक दिसली तरी वेग एक पायरी खाली आणावा, कारण रॅममधली चूक गुपचूप फाइलींमध्ये शिरते.

पंख्यांचंही तसंच. चार पिनांचा पंखा पीडब्ल्यूएम संकेतावर चालतो, म्हणजे चौथ्या पिनेवर सेकंदाला २५,००० वेळा चालू-बंद होणारा संकेत येतो आणि त्यातला चालू असण्याचा वाटा पंख्याचा वेग ठरवतो. तीन पिनांच्या पंख्याला हा संकेत मिळतच नाही, त्याचा वेग व्होल्टेज कमी-जास्त करूनच बदलतो. हेडर (बोर्डवर पंख्याची वायर लावायची जागा) पीडब्ल्यूएमवर ठेवून तीन पिनांचा पंखा लावला, तर तो कायम पूर्ण वेगाने घोंगावत राहतो. बायोसमध्ये त्या हेडरची पद्धत डीसी, म्हणजे व्होल्टेजने वेग बदलणारी, केली की आवाज बसतो.

स्टोरेजची पद्धत, म्हणजे एएचसीआय (डिस्क सुट्या वापरायच्या) की रेड (अनेक डिस्क एकत्र जोडायच्या), विंडोज टाकण्याआधीच ठरवावी. नंतर बदलली तर विंडोज सुरू होताना अडकू शकतं. रिसायझेबल बार हा पर्याय दिसला तर चालू करावा. पूर्वी प्रोसेसरला ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत बहुधा २५६ मेगाबाइटच्या खिडकीतूनच डोकावता यायचं, या पर्यायाने ती सगळी एकदम समोर येते. काही खेळांत त्याचा फायदा होतो, काहींत होत नाही.

बायोस अपडेट केल्यावर बहुतेक बोर्ड सगळी सेटिंग मूळ पदावर नेतात. रॅम पुन्हा ४८०० वर जाते, पंखे पुन्हा घोंगावतात आणि नव्या बायोसने संगणक मंदावला असं वाटू लागतं. अपडेट करण्याआधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. नंतर टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग आणि जीपीयू-झेड या ग्राफिक्स कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये कार्डाच्या लेनची संख्या आणि पिढी पाहून घ्यावी. ते पाहताना कार्डावर थोडा भार द्यावा, कारण स्वस्थ बसलेलं कार्ड वीज वाचवायला दुव्याचा वेग स्वतःहून उतरवतं आणि सगळं ठीक असूनही पिढीचा आकडा कमी दिसतो.