डोळ्याचा ‘डोया’ कसा झाला : वऱ्हाडी ळ-ची पार्श्वभूमी

अकोला, बुलडाणा, अमरावतीकडच्या खेड्यांत डोळा ‘डोया’ होतो, केळं ‘केयं’, दाळ ‘दाय’ आणि पोळी थेट ‘पोई’. पोईत मधलं व्यंजन उरतच नाही, ओ आणि ई शेजारी-शेजारी येतात. अनेकवचनात ‘पोया’ म्हटलं की य पुन्हा ऐकू येतो. य आणि ई उच्चारताना जिभेची ठेवण जवळपास एकच असते, म्हणून ई-आधीचा य तिच्यातच विरतो. आ-आधी तो वेगळा कळतो.

ळ म्हणताना जिभेचं टोक मागे वळून टाळूला लागतं आणि हवा कडांवरून निसटते. टोक टाळूपर्यंत पोचलं नाही, नुसता जिभेचा मधला भाग वर उचलला गेला, की य निघतो. मराठीत ळ शब्दाच्या आरंभी येत नाही. दोन स्वरांच्या मध्ये किंवा शब्दाच्या शेवटी तो सापडतो, आणि व्यंजनं ढिली पडतात तीही बहुतेक याच जागी.

हा ढिलेपणा जुना आहे. पाणिनीने य-व-र-ल यांच्या जागी इ-उ-ऋ-ऌ येण्याला ‘संप्रसारण’ असं नाव दिलं: यज्-चं इष्ट, वच्-चं उक्त, स्वप्-चं सुप्त. प्राकृतात तर दोन स्वरांमधले क, ग, च, ज, त, द बहुधा गळालेच. सूचीची सुई झाली ती अशी. राजा आणि पाद यांत मोकळ्या जागी हलका य शिरला आणि राया, पाय झाले. बाराव्या शतकात प्राकृताचं व्याकरण लिहिणाऱ्या हेमचंद्राने या हलक्या य-ची नोंद केली आहे.

ळ-चं मूळही दोन स्वरांमधल्या एकट्या ल-मध्ये आहे: फल, मूल, कमल यांची फळ, मूळ, कमळ झाली. जोड ल मात्र टिकला. प्राकृतात ‘तेल्ल’ होतं म्हणून मराठीत तेलच राहिलं, आणि म्हणूनच वऱ्हाडात फळाचं ‘फय’ होतं, पण तेलाचं ‘तेय’ होत नाही. अशुद्ध म्हणून हिणवलेली बोली किती काटेकोर असते ते इथे दिसतं. सोळा हा आकडा आणखी लांबून आला: षोडशमधल्या ड-चा ळ, आणि वऱ्हाडात त्या ळ-चा य, ‘सोया’.

व-चीही हीच गत. लवणाचं लोण मराठीभर झालं; खेड्यात विळ्याचा ‘इया’ आणि विस्तवाचा ‘इस्तो’ होतो. इस्तोत तर एकाच शब्दातले दोन्ही व स्वरात मिसळले. ल-ळ ढिले पडले की प्रत्येक भाषा य-ई-कडेच वळते असं मात्र नाही. ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्ये शेवटच्या ल-चा उ होतो, कारण तिथे जिभेचा मागचा भाग उचलला जातो. देशाचं नावही ‘ब्राझिऊ’ असंच ऐकू येतं.

बोलीची नोंद करताना घोळ होतो तो माळ आणि माय, गाळ आणि गाय यांच्यात. वऱ्हाडी तोंडी दोन्ही सारखेच, आणि शुद्ध करण्याच्या नादात प्रत्येक य-चा ळ केला की माय माळ होऊन बसते. ऐकलं तसंच आधी लिहावं, मग पूर्व विदर्भातल्या झाडी बोलीशी ताडून पाहावं. तिकडे ळ-चा र होतो: डोळा ‘डोरा’, काळा ‘कारा’. गाय मात्र झाडीतही गायच.