हायपेशिया: खुनाआधीचं आयुष्य

इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाची गणितज्ञ आणि तत्त्वज्ञ हायपेशिया हिचं नाव निघालं की चर्चा थेट इ.स. ४१५ मधल्या तिच्या खुनावर येते. ती आयुष्यभर काय करत होती, हे मागेच राहतं. तिच्यावरचा हा मोठा अन्याय आहे.

खगोलशास्त्रज्ञ टॉलेमीने दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात ‘अल्माजेस्ट’ हा ग्रंथ लिहिला. सूर्य, चंद्र, ग्रह कधी कुठे असतील हे काढायचं गणित त्यात होतं, पण शिकणाऱ्याला टीकेशिवाय, म्हणजे ग्रंथ उलगडून सांगणाऱ्या भाष्याशिवाय, ते झेपणारं नव्हतं. चौथ्या शतकात ती टीका लिहिली त्याच शहरातल्या थिऑनने. १६ जून ३६४ चं सूर्यग्रहण त्याने स्वतः पाहिलं आणि टॉलेमीच्या कोष्टकांशी ताडून बघितलं. हायपेशिया त्याची मुलगी. टीकेच्या तिसऱ्या भागाच्या शीर्षकातच त्याने नोंदवलंय की संहिता, म्हणजे ग्रंथाचा पाठ, ‘माझी मुलगी, तत्त्वज्ञ हायपेशिया’ हिने तपासली आहे. मूळ ग्रंथाची संहिता की टीकेची, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे.

हा भाग सूर्याच्या गतीचा. टॉलेमीचं वर्ष ३६५ दिवस, अधिक पाव दिवस, वजा दिवसाचा तीनशेवा भाग. वर्तुळाच्या ३६० अंशांना या वर्षाने भागलं की सूर्याची रोजची मध्यम गती येते: सुमारे ५९ कला ८ विकला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, विकला म्हणजे कलेचा साठावा). आपल्या पंचांगकर्त्यांच्याही ओळखीचा हा आकडा. साठाच्या पटीतला हा भागाकार इथे कोष्टक मांडून केलाय, थिऑनच्या नेहमीच्या रीतीहून वेगळा. त्यामागे हायपेशियाचा हात असावा, असं काही अभ्यासक मानतात. मला ते पटतं.

तिच्याकडे ख्रिस्ती विद्यार्थीही शिकत. त्यांपैकी सिनेसियस पुढे बिशप झाला. तारामंडळं दाखवणारं यंत्र बनवताना तिच्या शिकवणुकीचा उपयोग झाला, असं त्याने लिहून ठेवलंय. द्रवाचं वजन जोखायचं उपकरण करवून घ्या, अशी विनंती करणारं त्याचं पत्रही आहे.

पुढे शहरात प्रांताधिकारी ऑरेस्टिस आणि बिशप सिरिल यांच्यात सत्तेचा झगडा पेटला. ऑरेस्टिस तिचा सल्ला घेई, म्हणून समेट तीच होऊ देत नाही अशी कुजबुज पसरली. मार्च ४१५ मध्ये जमावाने तिला रथातून ओढून चर्चमध्ये नेलं आणि ठार केलं.

तिच्याबरोबर तिथली विद्या संपली, हे मात्र खरं नाही. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात तत्त्वज्ञ अमोनियस त्याच शहरात टॉलेमीचा ग्रंथ शिकवत होता आणि ग्रहताऱ्यांचे वेधही घेत होता.